लीस्ट काउंट

उद्यमनगरात, दुसऱ्या शेडमध्ये,
शिफ्ट सुटल्यावर मी थांबतो.
सगळ्यांना वाटतं, सर्जेराव ड्रॉइंग बघतोय.
ड्रॉइंगच्या मागं दुसरी खिडकी उघडी असते,
निळसर, कोऱ्या चेहऱ्याची.
ती विचारते, या आठवड्यात किती दिवस
काहीच करावंसं वाटलं नाही?
खाली चार गोल. एकात टिंब द्यायचं.

सव्वीस वर्षं लेथवर काढली.
दोन शतांशाचा फरक बोटानं सांगतो.
आणि या चार गोलांपुढं
माझा अंगठा थरथरतो.

छाती धडधडली तेव्हा आधी ईसीजी काढला. दोनदा.
तिसऱ्यांदा सीपीआरच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या,
"हृदय ठणठणीत आहे हो. भीती आहे ती."
बरं वाटायच्या ऐवजी लाजच वाटली.
आमच्या तालमीत भीतीला
'जरा कणकण आहे' म्हणायचे.
मनाच्या डॉक्टरांची रांग तिकडं, कोपऱ्यात.
रांगेत मेव्हण्याचा साडू भेटला असता तर?
म्हणून हा कॉम्प्युटर. आठ आठवडे, आठ धडे.
याला साडू नाही.

पहिल्या धड्याला हसलो.
विचार लिहा, म्हणे. समोर पुरावा लिहा.
जॉबला गेज लावतात तसं:
गो बाजू गेली पाहिजे, नो-गो अडकली पाहिजे.
मी लिहिलं: पुलावर गाडी नेली की मी मरणार.
आजवर किती वेळा नेली?
हजारेक वेळा.
किती वेळा मेलात, असं काही तिनं विचारलं नाही.
नुसती चौकट ठेवली रिकामी.
खोटं लिहायची सवय नाही,
शून्य लिहायची हिंमत नव्हती.

चौथ्या आठवड्यात सोडून दिलं.
लाइट गेली होती, हे एक कारण.
खरं कारण, स्क्रीनला दिसत नाही
की शालननं ताट झाकून ठेवलंय
आणि मी पायात चप्पल तशीच घालून
तासभर उंबऱ्यातच बसलोय.

नवव्या दिवशी निरोप आला.
मशीनचा नव्हता. मशीन असं चुकत नाही.
"सर्जेराव, तुम्ही आठवडाभर दिसला नाहित.
धडा राहू दे. बरे आहात ना?
यास्मिन मुजावर."
'नाहित'मधली ती ऱ्हस्व वेलांटी
मी तीनदा वाचली.
कुठंतरी, घाईत, चहा गार होऊ देऊन
कुणीतरी माझ्यासाठी चुकलं होतं.

सहाव्या धड्याचं काम: शिवाजी पूल.
मधोमध उभं राहायचं,
दर दोन मिनिटांनी भीतीचा आकडा लिहायचा.
(दोन वर्षं राखीला वडणग्याची बहीणच इकडं येते.
कारण विचारत नाही. सांगितलंही नाही.)

नऊ.
नऊ.
खाली म्हशी पाण्यात, एकीच्या पाठीवर पोरगं उभं.
आठ.
उसाची ट्रॉली गेली. कठडा हलला, का मीच?
नऊ.
मागनं कोण तरी ओरडलं,
"काय भावा, नदी मोजाय लागलास व्हय?"
सात.
व्हय म्हणालो. मोठ्यानं.
सहा.
सहाच्या खाली काही गेला नाही. अंधार पडला.

आठवा धडा संपला. एकूण बेरीज
एकोणीसवरून अकरा.
"म्हणजे बरा झालास का?" इब्राहिमनं विचारलं,
हातात व्हर्नियर तसाच धरून.
काय सांगू? परवाच पहाटे तीनला
छातीत पुन्हा ढोल वाजला.
फरक एवढाच, की ईसीजीला पळालो नाही.
कागद घेतला, 'पुरावा' लिहिलं
आणि पुढं काही सुचेना म्हणून
नळाला पाणी येईपर्यंत बसून राहिलो.
ड्रॉइंगवर तरी शून्य कोण मागतं, इब्राहिम?
अधिक-उणे किती चालेल, ते लिहिलेलं असतं.

यास्मिनबाईंकडं माझ्यासारखे चाळीस जण आहेत म्हणे.
त्यांना शेवटचा निरोप लिहिला:
"पूल झाला. आता मि बरा आहे, अकराइतका."
पाठवण्याआधी पुन्हा वाचला.
'मि'ची वेलांटी तशीच राहू दिली.